सानगडीच्या वाटेवरचे चार किलो दोनशे ग्रॅम

या सदरात लिहायची पाळी माझ्यावर येईल असं सहा महिन्यांपूर्वी कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं. मी हे सदर वाचतो ते हसायला. पिंपळावरची बाई, रिकामा झोपाळा, मागून येणारी पावलं... चहासोबत बरं वाटतं. आमच्या घरात तर देव्हाराच नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव तळ्यात सोडून आले. तेव्हापासून अंगारे-धुपारे, नवस, बाहेरची बाधा, सगळं बंद. त्यात माझी नोकरी क्वालिटी इन्स्पेक्शनची. सत्तावीस वर्षं झाली, जवाहरनगरच्या फॅक्टरीत मी रोज वस्तू मोजतो, वजन करतो, नंबर टाकतो आणि पास किंवा रिजेक्ट लिहितो. माझा हात रिजेक्टकडे जास्त वळतो असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

तेव्हा पुढचं सगळं एका मोजणाऱ्या माणसाचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

माझी बायको शालू. वय बावन्न. सरकारी उपकेंद्रात सिस्टर आहे — पवनी तालुक्यात आसगावच्या बाजूला तिने अर्धं आयुष्य काढलं. लसीचा डबा खांद्याला लावून धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, चालत जायची. तिला एकच वेड... बर्फ पाहायचा.

"टीव्हीवरचा नाई, फ्रिजमधला नाई," ती म्हणते. "पायाखाली कर्रकर्र वाजते म्हणतात, तो."

मागच्या दिवाळीत आमची मुलगी प्राची पुण्याहून आली आणि जाताना आईचं नाव उत्तराखंडातल्या एका ट्रेकला घालून गेली. सहा दिवस, पाठीवर सॅक, तंबूत झोपायचं, वर बर्फातून खिंड ओलांडायची. मायलेकी दोघीच. मला विचारलंसुद्धा नाही! म्हणजे विचारलं, पण पैसे भरल्यावर.

आता खरं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी शालूला डेंग्यू झाला होता. नागपूरला नऊ दिवस आयसीयूत होती. मी बाहेर लोखंडी बाकावर बसून प्लेटलेटचे आकडे वहीत लिहीत होतो आणि ते रोज खाली जात होते. ती बरी झाली, कामावर गेली, सगळे विसरले. मी नाही विसरलो. ती पंधरा हजार फुटांवर जाणार हे ऐकलं आणि मी ती जुनी वही काढून ते आकडे पुन्हा वाचले. पण 'मला भीती वाटते' हे बायकोला कसं म्हणायचं? आमच्याकडे तशी पद्धत नाही. मग मी माझ्या पद्धतीने बोललो.

"जा," मी म्हणालो, "पण सामान आधी टेस्ट करावं लागेल. जेवणपण. तीन प्रॅक्टिस ट्रिप. एक जरी वस्तू फेल झाली तर ट्रेक कॅन्सल."

"मंजूर," शालू म्हणाली. आणि मी वही उघडली.

पहिली ट्रिप आमच्याच कॉलनीच्या मैदानात. तंबू लावायचा आणि स्टोव्हवर जेवण बनवायचं, एवढंच. मी ऑनलाइन मागवलेलं तयार जेवणाचं पाकीट काढलं... गरम पाणी ओता, पंधरा मिनिटं थांबा, शाही पनीर तयार. पंधरा मिनिटांनी जे तयार झालं ते पाहून शालू म्हणाली, "भिंतीले लावाचं आहे का हे?" तिने स्वतःचा डबा काढला. शिजवून, उन्हात वाळवून, मिक्सरमधून जाडसर काढलेली खिचडी. वर जवसाची चटणी. पाणी ओतलं आणि सात मिनिटांत असा वास सुटला की फेरीवर आलेला सिक्युरिटीवाला चौकशी करायला आला आणि जेवून गेला. मी वहीत लिहिलं, 'मीठ किंचित जास्त.'

दुसरी ट्रिप आसगावला, तिच्या ओळखीच्यांच्या शेतात. धान निघाल्यावर बांधीत तंबू ठोकला. मी झोपेची पिशवी, मॅट, टॉर्च, चेन, बंद, सगळं तपासलं. टॉर्च फेल झाला. मी खूश! "टॉर्च रिजेक्ट," म्हणालो. तिने सेल उलटे करून घातले आणि टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारला. सेल मीच उलटे घातले होते. मुद्दाम नव्हे बरं का. की मुद्दाम, आता मलाही सांगता येत नाही.

एकूण काय, वस्तू फेल होईनात. शालू तर मुळीच होईना. आणि माझ्याकडे एकच ट्रिप उरली.

तिसरी ट्रिप सानगडीला. शालूचं माहेर तिथलं, धाकटा भाऊ दिलीप तिथेच शेती करतो. त्याच्या घरून सकाळी निघायचं, गावच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पुढे झुडपी जंगलाच्या कडेने सहा किलोमीटरवरच्या एका बोडीपर्यंत जायचं. बोडी म्हणजे आमच्याकडे शेताला पाणी द्यायचं छोटं तळं. तिथे जेवायचं आणि सहा किलोमीटर परत. परतताना माझा नियम असा, की सॅक एकदाही पाठीवरून उतरवायची नाही. दोघांच्या सॅका सारख्या. निघताना दिलीपच्या अंगणात मी खिशातला हुकाचा डिजिटल काटा लावला. तिची नऊ किलो, माझी नऊ किलो दोनशे. वहीत नोंद.

जाताना काही झालं नाही. ती पुढे, मी मागे. बोडीच्या अलीकडे वाट वळते तिथे एक मोहाचं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी गोट्यांचा ढीग. गोटे म्हणजे दगड, आमच्याकडे असंच म्हणतात. कमरेएवढा ढीग असेल. शेंदूर नाही, झेंडा नाही, नुसते गोटे.

"हे काय?" मी विचारलं.

"येणारा-जाणारा एक गोटा ठेवते," शालू म्हणाली. "जुनं आहे. माझा बाप हसत जाये याले."

"हसण्यासारखंच आहे," मी म्हणालो. आम्ही दोघंही गोटा न ठेवता पुढे गेलो.

बोडीवर जेवण झालं. खिचडी परत पास. पाण्याच्या बाटल्या आम्ही कमरेच्या पट्ट्याला लावल्या होत्या, त्या सॅकच्या वजनात नव्हत्या. जेवल्यावर मी पुन्हा वजन केलं. तिची आठ किलो शंभर, माझी आठ किलो तीनशे. शालू हात-तोंड धुवायला बोडीत उतरली. आणि मी इकडे काठावर बसल्या बसल्या नीच विचार केला.

हो, नीचच. दुसरा शब्द नाही.

ती थकली पाहिजे. बाकी काही फेल होत नाही ना, मग ती फेल झाली पाहिजे. एकदा रस्त्यात मटकन बसली, 'नाई जमत बाप्पा' म्हणाली, की झालं. मी उठलो, शंभर पावलं मागे त्या ढिगाशी गेलो आणि चांगले गुळगुळीत तीन गोटे उचलले. लगेच वजन केलं — एक किलो चारशे, एक किलो शंभर, एक किलो सातशे. एकूण चार किलो दोनशे. घरी पोचल्यावर गुपचूप काढून घ्यायचे होते, एखादा आत राहायला नको, म्हणून खिशातल्या काळ्या मार्करने त्यांच्यावर १/३, २/३, ३/३ असं लिहिलं. हसू नका. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून बिननंबरची वस्तू गेलेली नाही. मग तिच्या सॅकची खालची चेन उघडली, झोपेच्या पिशवीखाली तिन्ही गोटे सारले, चेन लावली आणि शहाण्यासारखा येऊन बसलो.

शालूने सॅक उचलली. "अगं बाई! जेवल्यावर जड लागून राहिली."

"वय आहे," मी म्हणालो. मला माझी लाजसुद्धा वाटली नाही तेव्हा.

दुपारचा एक वाजला असेल. लख्ख ऊन, वाऱ्याचं नाव नाही. मी तिच्या मागे तीन-चार पावलांवर, डोळे तिच्या सॅकवर. खालचा भाग फुगून लोंबत होता, तीही वाकून चालत होती. माझा हिशेब असा की तलावाच्या पाळीपर्यंत ती बसणार.

आम्ही त्या ढिगापाशी वळलो.

वळण संपलं आणि शालू सरळ झाली. म्हणजे अक्षरशः पाठ ताठ झाली. चाल वाढली. दहा-वीस पावलांवर ती गुणगुणायला लागली... लसीकरणाच्या शिबिरात बायांना म्हणून दाखवायची ते गाणं. आणि मला? मला कुणीतरी मागून दोन्ही खांद्यांना धरून खाली ओढावं तसं झालं. पट्टे खांद्यात रुतले. पहिल्यांदा वाटलं, खिचडी जास्त झाली. मग वाटलं, ऊन. मग काही वाटायचं बंद झालं, नुसता श्वास मोजत होतो.

"काहून मागं राहून राहिले?" ती वळून ओरडली.

"निरीक्षण... करून... राहिलो," मी म्हणालो.

सहा किलोमीटरमध्ये तिने सॅक उतरवली नाही. मीही नाही, कारण नियम माझाच होता. ती थांबली ती फक्त माझ्यासाठी, तीन वेळा, उभ्याउभ्या. माझा डोळा तिच्यावरून हलला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दिलीपच्या अंगणात पोचलो तेव्हा शालूने सॅक खाटेवर टाकली आणि दिलीपच्या मुलीसोबत घरामागे पेरू तोडायला गेली. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा. दिलीप म्हणाला, "भाऊजी, तुमचा चेहरा तं पार उतरला! पाणी आणू?"

"गोटे," मी म्हणालो.

"आँ?"

मी शालूच्या सॅकची खालची चेन उघडली. झोपेची पिशवी. तिच्याखाली मॅट. गोटे नाहीत. सगळी सॅक पालथी केली. नाहीत. काट्याला लावली. आठ किलो शंभर.

माझी लावली. बारा किलो पाचशे.

आठ तीनशे अधिक चार दोनशे. तुम्हीच बेरीज करा, मी बऱ्याच वेळा केली.

म्हटलं, ठीक, गोटे माझ्या सॅकमध्ये आलेत. कसे आले ते नंतर पाहू. सॅक उपडी केली. स्टोव्ह, भांडं, तंबूचं कापड, दांड्या, मॅट, पिशवी, कपडे, औषधाचा डबा, माझं ते शाही पनीर. गोटा एकही नाही. मग मी एकेक वस्तू काट्याला लावली. रिकामी सॅकसुद्धा लावली. बेरीज आली आठ किलो तीनशे. सगळं परत आत भरलं. बारा किलो पाचशे.

दिलीप बाजूला उभा होता. "सेल गेले असतील काट्याचे," म्हणाला. त्याने धान मोजायचा आपला मोठा काटा आणला. त्याच्यावरही साडेबारा. सुटं सामान टोपलीत घालून टोपलीचं वजन वजा केलं... आठ-तीनशेच्या आसपास. पुन्हा भरलं, साडेबारा. त्याने काटा उचलला आणि आत ठेवून आला. बाहेर आल्यावर म्हणाला, "भाऊजी, आपन चहा घेऊ."

मी त्याला गोट्यांचं सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या बहिणीला दमवायला मी हे केलं म्हणून?

सकाळी पुन्हा वजन केलं. तेच. मी एक तर्क लढवला. गोटे चेनमधून रस्त्यात पडले असणार आणि दोन्ही काट्यांत एकाच वेळी काहीतरी बिघाड असणार. हा तर्क मला स्वतःलाच पटत नव्हता, पण दुसरा नव्हता. म्हटलं, जाऊन रस्ता पाहून येतो. शालूला सांगितलं, माझा मार्कर बोडीवर राहिला.

"मी पन येते," ती म्हणाली. "आन जाऊनच राहिले तं सॅक घेऊन चला. प्रॅक्टिस होईल तुमची. काल लयच धापा टाकत होते."

ते साडेबारा किलो मी पुन्हा सहा किलोमीटर नेले. रस्ताभर खाली पाहत गेलो. गोटा दिसला नाही.

मोहापाशी पोचलो तर एक म्हातारी शेळ्या घेऊन सावलीत बसली होती. आणि ढिगावर, अगदी वर, एका ओळीत, तीन गोटे. १/३. २/३. ३/३. आकडे आमच्याकडे वळलेले.

मी घड्याळ पाहिलं. भर दिवसा, सकाळचे साडेनऊ!

शालू जवळ गेली, वाकली, आणि तिने ते वाचलं. तीस वर्षं तिने माझ्या हातच्या किराणाच्या याद्या वाचल्या आहेत. माझा तीन कसा असतो हे तिला ठाऊक आहे.

"हे तुमचं अक्षर आहे."

मी सॅकचे पट्टे सारखे करायला लागलो.

"अवो, हे तुमचं अक्षर आहे ना?"

म्हातारी मध्येच म्हणाली, "गोटा ठेवाचा असते बाबू, नेवाचा नसते. मानूस आपला शीण ठेवून जाते अथी. तू कोनाकोनाचा उचलून नेला का जी?"

मला म्हातारीशी वाद घालायचा होता. सगळे मुद्दे तयार होते. पण पाठीवर ते ओझं, समोर माझं अक्षर, आणि शालू माझ्याकडे बघतेय... मी खाली मातीतच बसलो, सॅकसकट. आणि सगळं सांगून टाकलं. गोटे मीच उचलले, तुझ्या सॅकमध्ये मीच घातले, तू थकून बसावीस म्हणून. टॉर्चचंसुद्धा सांगितलं. मिठाचंसुद्धा... मीठ बरोबर होतं.

"पन काहून?" तिने विचारलं. रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं.

"मले भेव वाटते, शालू," मी म्हणालो. कॉलनीत मी शुद्ध बोलतो, पण तेव्हा शुद्ध आठवेना. "ते नऊ दिवस मी बाहेर बसलो होतो. तू तिकडे वर जाशीन, आन मले पुन्हा तसंच बसावं लागन. मले नाई जमत ते."

म्हातारीने शेळ्यांकडे तोंड फिरवलं. शालू माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "तुमी बाहेर बसले होते, मी आत होती. आत काय चालू होतं माह्या डोक्यात, कधी विचारलं? नऊ दिवस मी एकच म्हणून राहिली होती... अरे, बरफ पाहाचा राहिला."

मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

"भेव वाटते तं सांगाचं," ती म्हणाली. "गोटे कायले भरता? कंबर मोडली असती ना माही, येडा मानूस!" आणि मग तिने माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला, तो मात्र रागाचाच होता.

उठलो तेव्हा सहज उठलो. ते उठल्यावरच लक्षात आलं. काटा काढला, सॅक लावली. आठ किलो तीनशे. मी ढिगावर गोटा ठेवलेला नाही, हात जोडलेले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो, नाहीतर आमच्या विहारात मला कुणी बसू देणार नाही. शालूनेही ठेवला नाही. नंबरवाले तीन गोटे आम्ही आहेत तिथेच राहू दिले. म्हातारी म्हणाली, आता त्यायले हात नको लावू. मी नाही लावला.

काटा मी नंतर आमच्या विभागातल्या प्रमाण वजनांवर तपासला. ग्रॅमभरही फरक नाही. दिलीपच्या काट्यावर त्याने पुढे लाखोळीचं पीक विकलं, कुणाची तक्रार नाही. कुणी गोटे काढून नेऊन ठेवले म्हणावं, तर चालत्या बाईच्या पाठीवरून कसे काढले? आणि ठेवले तरी माझ्या सॅकमधलं वजन कशाचं होतं? सुटं केलं की नाही, भरलं की आहे! मी पाच-सहा वेळा कागदावर मांडून पाहिलं. शालू म्हणते, सोडा आता. दिलीप तर विषयच काढू देत नाही. कुणाला उत्तर सुचलं तर जरूर कळवा, पण 'तुमच्या मनाचे खेळ' असं लिहू नका. मनाचा खेळ धानाच्या काट्यावर दिसत नाही.

शालू ट्रेकला गेली. मी स्टेशनवर सोडायला गेलो, सॅक मीच डब्यात चढवली, आठ किलो नऊशे. बेस कॅम्पवरून फोन आला होता की उद्यापासून चार दिवस रेंज नाही. आज तिसरा दिवस. आज त्या बर्फात असतील. भीती वाटते का? वाटते. सकाळपासून दोनदा फोन लावून पाहिला, लागत नाही हे माहीत असून. मग दिलीपला फोन केला आणि सरळ सांगितलं, "मले भेव वाटून राहिलं." तो म्हणाला, "मलेबी, भाऊजी." मग आम्ही दोघं बराच वेळ फोन धरून बसलो.